मक्याच्या पोंग्यातील अळी आणि बल्बभोवतीचा पतंग एकाच किडीची रूपे का?

प्रश्न (हुक्केरी तालुका, कर्नाटक): आमचा मका 25 दिवसांचा झाला असून काही पानांवर आडव्या रांगेत सारख्या आकाराची भोके दिसत आहेत, आणि पोंगा (मधली गुंडाळलेली कोवळी पाने) उघडल्यास आत ओल्या भुशासारखी विष्ठा सापडते. रात्री विहिरीवरच्या बल्बभोवती करडे पतंग जमतात. रयत संपर्क केंद्रातील (कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयातील) कन्नड पत्रकात ‘सैनिक हुळू’, म्हणजे लष्करी अळी, असे लिहिले आहे. वडील मात्र पूर्वी जोंधळ्यावर पडणारीच ही लष्करी अळी असल्याचे सांगतात. नेमके काय समजावे?

उत्तर (चिकोडी): वडिलांचे म्हणणे नावापुरते बरोबर आहे. जोंधळ्यावरची जुनी अळी दिवसा ढेकळांखाली लपते आणि रात्री झुंडीने पाने कडेने खाते. आपण वर्णिलेली बहुधा अमेरिकन लष्करी अळी आहे, जी भारतात प्रथम 2018 मध्ये आपल्याच राज्यात, शिवमोग्गा भागात मक्यावर आढळली. पान गुंडाळलेले असताना ती आरपार भोक पाडते आणि पान उलगडले की त्याचीच रांग होते. डोक्यावर उलट्या ‘वाय’सारखी फिकट रेघ व शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके दिसल्यास शंका उरत नाही.

उत्तर (खानापूर): पतंग पीक खात नाही, खाते ती अळीच. मादी पानावर 100 ते 200 अंड्यांचा पुंजका घालून बऱ्याचदा तो अंगावरच्या करड्या केसांनी झाकते, त्यामुळे तो बुरशीचा डाग वाटून नजरेतून सुटतो. दोन-तीन दिवसांत बाहेर पडलेल्या अळ्या आधी पानाचा हिरवा भाग खरवडतात, मग पोंग्यात शिरतात, आणि तिथे त्या एकमेकींना खात असल्याने मोठी अळी सहसा एकटीच उरते. 14 ते 21 दिवसांत सहा अवस्था पूर्ण करून ती जमिनीत कोष करते आणि त्यातून पतंग बाहेर पडतो. उबदार हवेत हे सारे चक्र महिनाभरात संपते, थंडीत लांबते. फवारणी लहान अळीवरच लागू पडते. मोठी अळी विष्ठेच्या बोळ्याआड सुरक्षित असते. बल्बवरचा प्रत्येक पतंग मात्र हाच नसतो: याच्या नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढुरका त्रिकोणी ठिपका असतो, मादी मळकट करडी असते.

प्रश्नकर्ता: बल्बखाली पडलेल्या पतंगांपैकी दोघांच्याच पंखांवर तो ठिपका होता, पण अळीवरचे चार ठिपके अगदी स्पष्ट आहेत. एका पानामागे करड्या केसांचा पुंजकाही सापडला. तो पानासकट तोडून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकला आहे.