फिट्झरॉय म्हणजे नुसता 'डार्विनचा कप्तान'? साफ चूक!

दर्याकिनारा:
परवा उत्क्रांतीवरच्या चर्चेत एकाने लिहिलं, "बीगल जहाजाचा कप्तान म्हणजे डार्विनला जगभर फिरवून आणणारा बायबलवेडा सरदारपुत्र. शेवटी डार्विनला हातभार लावल्याच्या अपराधी भावनेतून त्याने जीव दिला." त्यावर भराभर अंगठेही पडले. वाचून डोकंच फिरलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

रॉबर्ट फिट्झरॉयच्या हाती बीगल हे ब्रिटिश नौदलाचं सर्वेक्षणाचं जहाज आलं ते १८२८ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी. आधीच्या कप्तानाने, प्रिंगल स्टोक्सने, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या त्या भयाण किनाऱ्यावर स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. दुसऱ्या सफरीत (१८३१–३६) जहाजावर २२ क्रोनोमीटर (समुद्रावरची अचूक घड्याळं) होते, त्यांतले ६ फिट्झरॉयने पदरचे पैसे घालून घेतलेले. डार्विनला सोबत घेतलं तेसुद्धा त्यानेच. कप्तानाला एकटेपणा कसा खातो हे स्टोक्सच्या उदाहरणावरून त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण त्याचं खरं काम पुढचं. १८५४ मध्ये बोर्ड ऑफ ट्रेडने, म्हणजे ब्रिटनच्या व्यापार खात्याने, हवामानाच्या नोंदी गोळा करायला त्याला नेमलं, हाताखाली जेमतेम दोन-तीन माणसं. ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटलं. ऑस्ट्रेलियात सोनं कमावून घरी निघालेले लोक, साडेचारशेच्या आसपास बुडाले, तेही किनारा नजरेच्या टप्प्यात असताना. हे वादळ तारेने आधी कळवता आलं असतं, हा ध्यास त्याने घेतला. फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे सुरू झाले आणि १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या 'टाइम्स' वर्तमानपत्रात जनतेसाठी हवामानाचा पहिला अंदाज छापून आला. या माणसाला तुम्ही एका वाक्यात निकालात काढता?

जुनीपानं:
दादा, इतकं लिहिलंत आणि जेमी बटनचं नाव नाही? १८३० मध्ये एक होडी चोरीला गेली म्हणून याच कप्तानाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या तिएरा देल फ्वेगो बेटांवरची माणसं ओलीस धरली आणि चौघांना इंग्लंडला नेलं. एकजण तिथे देवीच्या रोगाने मेला. फ्वेजिया बास्केट तर जेमतेम नऊ वर्षांची पोर. जेमीच्या बदल्यात एक शिंपल्याचं बटन दिलं म्हणून त्याचं नाव 'बटन'! पोरांना शाळेत घातलं, राजा-राणीपुढे उभं केलं, १८३३ मध्ये परत नेऊन सोडलं. आणि आपण इथे हवामानाच्या अंदाजांचं कौतुक करत बसायचं?

चिकित्सक:
त्याला 'बायबलवेडा' म्हणणाऱ्याचा धर्माचा मुद्दा तरी खोटा कुठे आहे? १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत हाच माणूस बायबल उंचावून डार्विनविरुद्ध बोलला. आणि अंदाजांचं म्हणाल तर ते चुकायचे, ते छापणारा 'टाइम्स'सुद्धा त्याला टोचायचा. त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस गॅल्टन या शास्त्रज्ञाच्या समितीने १८६६ मध्ये स्पष्ट सांगितलं की या अंदाजांना शास्त्रीय पाया नाही, आणि ते बंद झाले. भावनेच्या भरात इतिहास लिहू नका.

दर्याकिनारा:
चिकित्सक, अर्धंच सांगताय. अंदाज आणि इशारा या दोन गोष्टी आहेत. समितीनंतर इशारेही थांबवले, तेव्हा बंदरांवरून ओरड झाली आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. अंदाज १८७९ मध्ये परतले. किनाऱ्यावरच्या माणसाला काय उपयोगाचं, ते किनाऱ्यावरच्या माणसाला कळतं.

जुनीपानं, ओलीस धरणं चूकच, त्याला मी झाकत नाही. पण नौदलाने परतीची सफर रद्द केली तेव्हा स्वतःच्या खर्चाने जहाज भाड्याने घेऊन त्यांना घरी पोचवायला निघाला होता तो. दुसरा कोणता अधिकारी इतकं करत होता?

निवृत्त_अभियंता:
पदरचे पैसे हा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १८३३ मध्ये सर्वेक्षणाला एक जहाज पुरत नाही म्हणून याने स्वतःच्या पैशाने दुसरं छोटं जहाज घेतलं, 'ॲडव्हेंचर' नाव ठेवलं. नौदलाने खर्च नामंजूर केला, फटकारलं वर. जहाज विकावं लागलं. त्या धक्क्याने त्याने कप्तानपद सोडायची तयारी केली होती, विकहॅम या दुय्यम अधिकाऱ्याने समजूत घातली म्हणून सफर पुढे गेली. मी सरकारी नोकरीत जन्म काढला. पावसाळ्यापूर्वी एका पुलाची दुरुस्ती अडली होती, मी खिशातून सिमेंट आणलं. पूल वाचला, आणि मला लेखापरीक्षणाचे ताशेरे निवृत्तीपर्यंत पुरले. त्यामुळे या माणसाचं मला मनापासून कळतं.

हर्णैचा_तांडेल:
तुम्ही सगळे पुस्तकातलं बोलताय. आमच्याकडे बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा 'तीन नंबरचा बावटा' लागतो तो कुठून आला? काठीवर चढवलेले काळे शंकू आणि पिंपं, रात्री दिवे, ही फिट्झरॉयचीच रीत. त्याचा शंकू टोक वर असला की उत्तरेचं वादळ, टोक खाली असलं की दक्षिणेचं. लिहितावाचता न येणाऱ्या खलाशालाही लांबून दिसावं म्हणून. माझ्या आज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, बावटा वाचता येत होता.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा माझे काका दर्यात होते. बावटा लागला तोवर होडी लांब गेलेली, वायरलेस बंद. रात्रभर नांगर ओढत कशीबशी खाडीत शिरले. शेजारच्या घरातली होडी आलीच नाही. इशारा वेळेत पोचणं काय असतं ते आम्हाला विचारा.

चिकित्सक:
तांडेलसाहेब, आदर ठेवून विचारतो. आता मोबाइलवर इशारे येतात, तरी होड्या जातातच ना? इशारा असून उपयोग काय, माणूस ऐकत नसेल तर?

हर्णैचा_तांडेल:
ऐकत नाही? डिझेल भरलंय, बर्फ भरलाय, खलाशांना आगाऊ पैसे दिलेत, आणि सांगितलं बसून राहा. चार वेळा बसलो आणि वादळ आलंच नाही, तर पाचव्या वेळी जाणारच. नुकसान कोण भरून देणार, तुम्ही? फॅनखाली बसून आम्हाला बेपर्वा म्हणू नका.

चिकित्सक:
बेपर्वा मी म्हटलं नाही, शब्द तोंडात घालू नका. पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. चुकीचे अंदाज माणसाचा विश्वास घालवतात, गॅल्टनचं म्हणणं तेच होतं.

हर्णैचा_तांडेल:
मग चुकणारं यंत्र सुधारा, बंद कशाला करता? निसर्ग वादळाच्या वेळी, २०२० मध्ये, आधी कळलं म्हणून होड्या खाडीत होत्या. घरांची कौलं उडाली, सुपारीच्या बागा झोपल्या, पण आमच्या वाडीतला एकही माणूस दर्यात नव्हता.

चिकित्सक:
ठीक. इशाऱ्यांपुरतं मान्य. रोजच्या अंदाजांबद्दल माझं मत तेच आहे.

दर्याकिनारा:
एवढं तरी मान्य झालं. आता त्याच्या मृत्यूबद्दल. ३० एप्रिल १८६५ ला त्याने आत्महत्या केली. त्याचा मामा, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे, १८२२ मध्ये तसाच गेला होता, ती भीती याला तरुणपणापासून होती. कामाचा ताण, खालावलेली तब्येत, संपलेला पैसा. हे सगळं सोडून 'डार्विनमुळे' म्हणणं म्हणजे आजारी माणसावर अन्याय आहे. मागे राहिलेल्या कुटुंबासाठी वर्गणी जमली तेव्हा खुद्द डार्विनने १०० पौंड दिले.

न्यूझीलंडचंही कोणी बोलत नाही. तिथे वायराऊला जमिनीच्या वादात माओरींच्या हातून २२ गोरे मारले गेले, त्यानंतर १८४३ च्या अखेरीस हा गव्हर्नर म्हणून पोचला आणि चूक वसाहतवाल्यांची होती असं त्यांना तोंडावर सांगितलं. वसाहतवाले चिडले, १८४५ मध्ये परत बोलावणं आलं. साम्राज्याचा नुसता चाकर असं वागला असता का?

जुनीपानं:
वायराऊचं मला माहीत नव्हतं, ते त्याच्या बाजूने धरते. पण ब्राझीलमधलं भांडणही आठवा. मालकासमोर गुलामांना विचारलं, 'स्वातंत्र्य हवं का', ते 'नको' म्हणाले, आणि हे साहेब त्यावर विश्वास ठेवून बसले. मालकासमोर दिलेल्या उत्तराला काय अर्थ, असं डार्विनने विचारलं तर त्याच्यावरच भडकले.

दर्याकिनारा:
आणि काही तासांत माफी मागितली, तेही लिहा.

जुनीपानं:
डार्विनची मागितली. गुलामांची नाही. जेमीचीही नाही. आणि त्या मुलाचं खरं नाव ओरुंडेलिको होतं. बावट्याचं श्रेय फिट्झरॉयला द्या, माझी हरकत नाही, पण पुढच्या वेळी त्याच्यावर लिहाल तेव्हा या मुलाला पहिल्याच परिच्छेदात घ्या.

हर्णैचा_तांडेल:
ताई, हे मात्र पटलं. चिकित्सक, तुम्ही डिझेलच्या पैशांचं उत्तर अजून दिलेलं नाही.