आईच्या पायांतली ताकद चालली आहे, व्यायाम कसा सुरू करावा?

मदत हवी आहे. आई ७१ वर्षांची, आम्ही मानेवाड्याला राहतो. वर्षभरात तिचं वजन ५४ वरून ४९ किलोवर आलं. सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण आता ती न बोलता माझ्यापुढे सरकवते, ते बघवत नाही.

तपासण्या झाल्या आहेत. थायरॉईड, शुगर, किडनी ठीक. ड जीवनसत्त्व कमी होतं, गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरांनी सार्कोपेनिया, म्हणजे वयानुसार स्नायू झिजणं, असं निदान केलं. प्रथिनं वाढवा आणि ताकदीचे व्यायाम करा म्हणाले. कसे, ते मात्र नीट कळलं नाही.

सहा महिने रोज अर्धा तास चालून पाहिलं. दमसास वाढला, पण पायांत जोर नाही आला. वयस्कर माणसाला वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तिला रोज ५० ते ६० ग्रॅम. ती अंडीही खात नाही, कवळीमुळे फुटाणे चावत नाहीत. तुरीचं घट्ट वरण, दही, दूध धरून माझा हिशोब ३५ च्या वर जात नाही. पनीर जड पडतं.

उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे खाली बसणं बंद. नागपूरच्या उन्हात दुपारी बाहेर नेता येत नाही. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून एकदाच जमेल.

घरात असं कुणाचं झालं असेल तर सांगा: गुडघा न दुखवता खुर्चीवरून उठ-बस किती उंचीपासून, किती वेळा सुरू केली? आणि उरलेली २० ग्रॅम प्रथिनं मऊ, पचायला हलक्या कोणत्या पदार्थांतून भरून काढलीत?