ड्यूटीनंतरचे आत्मचिंतन वॉर्डाच्या उपयोगी कसे आणावे?

इन्चार्ज सिस्टर, विदर्भ

नमस्कार. मी एका शासकीय रुग्णालयात स्त्री मेडिसिन वॉर्डाची परिसेविका आहे. माझ्याकडे नव्याने रुजू झालेल्या अधिपरिचारिका कामाला चोख आहेत, पण ड्यूटी संपली तरी वॉर्ड त्यांच्या डोक्यातून उतरत नाही. नातेवाईक काय बोलले, राउंडला डॉक्टर सर्वांसमोर काय म्हणाले, हेच घरी गेल्यावर घोळत राहते आणि झोप लागत नाही. दुसरीकडे, ज्यावर खरोखर विचार व्हायला हवा ते प्रसंग विरून जातात.

अलीकडचेच उदाहरण देते. सकाळी आठच्या ओव्हरनंतर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवून झाल्यावर, मधुमेहाच्या एका आजींना नाश्त्यापूर्वीचे इन्सुलिन द्यायचे होते. सिस्टरने सिरिंज भरली आणि सहज विचारले, "आजी, नाश्ता आला का?" आजी म्हणाल्या, "मला सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलंय ना!" उपाशीपोटी इन्सुलिन दिले तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, म्हणून सिस्टरने इंजेक्शन थांबवले आणि डॉक्टरांना फोन केला. उपाशी ठेवण्याची सूचना रात्री उशिरा तोंडी आली होती आणि ओव्हरमध्ये तिचा उल्लेख झाला नव्हता. सर्वांनी तिचे कौतुक केले आणि विषय तिथेच संपला.

असे प्रसंग शिकण्यासाठी वापरायचे, त्यातून आपसातले बोलणे सुधारायचे आणि मुलींच्या मनावरचा भारही हलका करायचा, हे एकत्र कसे साधावे? आत्मचिंतन लिहिण्यासाठी वही ठेवायला सांगावी का?

नर्सिंगची प्राध्यापिका

सिस्टर, वहीपूर्वी प्रश्न ठरवा. अभ्यासक्रमात आपण बहुधा शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचे 1988चे आत्मचिंतनाचे चक्र शिकवतो. घटनेचे वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा हे त्याचे सहा टप्पे विद्यार्थिनीला असाइनमेंटसाठी ठीक आहेत, पण चाळीस रुग्णांच्या वॉर्डात ते कोणी भरत नाही, आणि सक्ती केली तर एकमेकींचे पाहून भरले जाते. त्यापेक्षा टेरी बॉर्टन या अमेरिकी शिक्षकाने 1970 मध्ये मांडलेले तीन प्रश्न पुरेसे आहेत: काय घडले? त्याचा अर्थ काय? आता काय करायचे?

आजींच्या प्रसंगाला हे प्रश्न लावून पाहा. "काय घडले" याचे उत्तर तुम्ही दिलेच आहे. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण तिथे आपण घाईने "सिस्टर हुशार होती" असे म्हणतो आणि त्या हुशारीने काय पाहिले हे विचारत नाही. तिने इन्सुलिनची सांगड औषधाच्या वेळेशी न घालता रुग्णाच्या पोटात काही जाणार आहे का याच्याशी घातली. अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शोन यांनी 1983 मध्ये, काम चालू असतानाच होणारा विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार असा भेद मांडला होता. सिरिंज हातात असताना तिने केलेला विचार पहिल्या प्रकारचा होता. तो तिच्यापुरताच राहू द्यायचा नसेल, तर दुसऱ्या प्रकारचा विचार सर्वांनी मिळून करावा लागतो. तसा केला की दिसते, की आपली ओव्हर खाटेच्या क्रमाने आणि चालू औषधांच्या यादीने पुढे सरकते. रात्रीत काय बदलले याला तिच्यात ठरलेली जागाच नसते, म्हणून ते सांगणे देणारीच्या आठवणीवर आणि घेणारीच्या चौकसपणावर सोडले जाते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात यावे आणि ते उद्या सकाळीच करता यावे. उदाहरणार्थ, प्रत्येक ओव्हरच्या आरंभी "आज उपाशी कोण आहे आणि कशासाठी?" हे विचारायचे. "संवाद सुधारू" हे उत्तर मी विद्यार्थिनींकडून स्वीकारत नाही, कारण ते पाळले गेले की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. डॉक्टरांना फोन करताना सद्यस्थिती, पार्श्वभूमी, आपले निरीक्षण आणि आपली सूचना या क्रमाने बोलण्याची सवय लावा. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली ही पद्धत नव्या सिस्टरला विशेष उपयोगी पडते, कारण शेवटच्या पायरीवर तिला स्वतःचे मत मांडावेच लागते.

समुपदेशक, पुणे

वरील उत्तराशी सहमत आहे, पण झोपेच्या तक्रारीकडे वेगळे पाहावे. तोच प्रसंग मनात पुन्हा पुन्हा उगाळणे आणि त्याचे चिंतन करणे बाहेरून सारखे दिसते, पण उगाळण्यातून नैराश्य वाढते, हे मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. म्हणून लेखनाला वेळेची मर्यादा हवी. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधराच मिनिटे लिहिले होते. ज्यांनी मनाला लागलेल्या प्रसंगातील घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढील काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले, लिहिताना मात्र त्यांना अधिक उदास वाटले होते. हेही मुलींना आधी सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी वही मिटली जाईल. स्वतःविषयी लिहिताना "मी" ऐवजी स्वतःचे नाव वापरून पाहावे, त्याने प्रसंगाकडे थोड्या अंतरावरून पाहता येते.

रुग्ण दगावल्यानंतर किंवा मारहाणीच्या प्रसंगानंतर मात्र कोणालाही लगेच लिहायला किंवा बोलायला भाग पाडू नये. झोप, भूक बरेच दिवस बिघडलेली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा शासकीय क्रमांक द्या. तिथे मराठीतून बोलता येते.

बर्मिंगहॅमहून एक नर्स

ताई, मी काही वर्षांपासून इथे काम करते. एप्रिल 2016 पासून इथल्या प्रत्येक नर्सला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर तीन वर्षांनी पाच चिंतन-टिपणे लिहावी लागतात आणि त्यावर दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी चर्चा करावी लागते. मला त्या चर्चेचाच अधिक उपयोग झाला, कारण आपल्या लिहिण्यात जे निसटते ते समोरची व्यक्ती विचारते.

टिपणात रुग्णाची ओळख पटेल असे काहीही येता कामा नये, हा इथला काटेकोर नियम आहे. त्याशिवाय भीतीचाही विचार करा. 2018 मध्ये एका डॉक्टरच्या प्रकरणानंतर, आपणच लिहिलेले चिंतन आपल्याविरुद्ध वापरले जाईल, अशी धास्ती इथल्या कनिष्ठ डॉक्टरांनी घेतली होती. डॉक्टरांची नियामक परिषद चौकशीसाठी अशी टिपणे मागत नाही, पण न्यायालय मागू शकते. म्हणून घटनेचा अधिकृत अहवाल वेगळा ठेवा आणि शिकण्याची वही वेगळी.

इन्चार्ज सिस्टर, विदर्भ

सर्वांची मनापासून आभारी आहे. उपाशी रुग्णांचा प्रश्न उद्यापासून ओव्हरमध्ये घेते, आणि वही ज्या त्या सिस्टरकडेच राहील, मी ती मागणार नाही. एकच अडचण उरते. मी समोर बसले की मुली बोलत नाहीत. आठवड्यातून एकदा दुपारच्या ओव्हरनंतर दहा मिनिटे काढता येतील, पण ती गप्प बसण्यात जातील.

नर्सिंगची प्राध्यापिका

तर मग पहिले काही आठवडे नीट पार पडलेलेच प्रसंग घ्या. तुमच्याकडे आजींचा प्रसंग तयार आहे, आणि ज्या सिस्टरने इंजेक्शन थांबवले तिलाच सुरुवात करू द्या. तुम्ही शेवटी बोला आणि फक्त तिसऱ्या प्रश्नावर बोला. ठरलेली गोष्ट कोण, केव्हापासून करणार हे तिथेच फळ्यावर लिहा, आणि पुढच्या आठवड्याची बैठक ती झाली का, हे विचारूनच सुरू करा. साधनांअभावी किंवा मनुष्यबळाअभावी झाली नसेल, तर ते अधिसेविकांपर्यंत (मेट्रनपर्यंत) लेखी पोहोचवणे तुमच्याकडे घ्या. हे एकदा घडलेले दिसले की मुली बोलू लागतील.