पतसंस्थेची आपत्कालीन तयारी: ४० हजारांत पंप की अजून काही?

बादलीवाला: पुण्यात सिंहगड रोडला नदीच्या बाजूला आमची छोटी पतसंस्था आहे. तळमजला, स्टाफ ९. २५ जुलै २०२४ ला पाणी शिरलं तेव्हा चावी कोणाकडे, मेन स्विच कुठे, इथपासून बोंब. संचालक मंडळाने ४० हजार मंजूर केलेत, वर एक रुपया नाही. पंप बघतोय. अजून काय ठेवावं?

डेक्कनचा_मामा: पंप सोडा, डिझेल जनरेटर घ्या. आम्ही साडेतीन लाखांचा बसवला. लाइट गेली की अख्ख्या गल्लीत फक्त आमचा बोर्ड चमकतो.

बादलीवाला: मामा, ४० हजार.

डेक्कनचा_मामा: हप्त्यावर मिळतो.

मुठाकाठी: त्या दिवशी खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग होता. रस्त्यावरच पाणी, उपसून टाकणार कुठे? दप्तर वरच्या मजल्यावर न्या, यूपीएस आणि बॅटऱ्या जमिनीवर नकोत. विसर्गाचा मेसेज आला की कोण निघणार ते ठरवा. तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण, तेही.

पेठेतला_जुना: १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा कुठले मेसेज? आता घोटाभर पाण्याला पूर म्हणतात.

ओढ्याकाठचा: काका, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला यायचं होतं. नदी लागत नाही, ओढा पुरतो.

पेठेतला_जुना: ६१ ला खडकवासलाही फुटलं होतं. तुलना नको.

ओढ्याकाठचा: तुलना कोणी काढली?

हिशोबनीस: आगीचं काय? आमच्याकडे यूपीएसने पेट घेतला, शिपायाने पावडरचा सिलिंडर मारला. आग लगेच विझली, पावडर अजून कीबोर्डातून निघतेय. कॉम्प्युटरपाशी सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा ठेवा. त्याला दाबाचा काटा नसतो, भरलेला आहे का ते वजन करूनच कळतं. आमचा सीओटू दाराला टेकण म्हणून लावला होता, रिकामा.

निवृत्त_मॅनेजर: ३० वर्षं पतसंस्थेत काढली. पाण्यापेक्षा अफवेला भ्या. आमच्या तळघरात फूटभर पाणी आलं आणि कोणीतरी ग्रुपवर टाकलं, "पतसंस्था बुडाली." दुपारपर्यंत ठेवीदार पासबुकं घेऊन दारात. तीन संचालक तीन तऱ्हेचं बोलत होते. एकाने "चौकशी चालू आहे" म्हटलं आणि रांग दुप्पट झाली. मजकूर आजच लिहून ठेवा: काय झालं, नोंदी शाबूत आहेत का, काउंटर कुठे आणि किती वाजता सुरू होणार. बोलणारा एकच, बाकीच्यांनी त्याचा नंबर द्यायचा. "नोंदी शाबूत" हे मात्र डेटाची प्रत ऑफिसबाहेर असेल तरच लिहा. सभासदांची फोनयादी कागदावर काढून सेक्रेटरींच्या घरी ठेवा.

कोथरूडकर: बॅटऱ्या उंचावर ठेवा. दप्तरही.

मुठाकाठी: मी काय लिहिलंय वर?

कोथरूडकर: अनुमोदन दिलं हो. भिजलेली लेजरं उन्हात टाकू नका, पानं आखडतात. पंख्याखाली उघडी ठेवा, दोन दिवसांत वाळली नाहीत तर बुरशी धरते. आणि एकदा तालीम करा. आमच्याकडे मॉक ड्रिल म्हणजे भोंगा वाजला की सगळे चहाला.

बादलीवाला: आभार. पंपच घेतला, पेट्रोलवरचा, ३६ हजार. पूर उपसत नाही, मान्य. पण पाणी ओसरल्यावर आतलं गाळपाणी दोन दिवस बादलीने मी काढलंय, तुम्ही नाही. उरलेल्यात एक छोटा सीओटू. मजकूरही लिहिला, पण चेअरमनना त्यात स्वतःचा फोटो हवाय.

निवृत्त_मॅनेजर: फोटो नको म्हणावं. आणि पंप शटरबाहेर ठेवून पाइप आत सोडा. बंद खोलीत पेट्रोलचं इंजिन चालवलं तर माणूस धुराने मरतो.