सायकोपॅथी आणि बुद्ध्यंक: 'हुशार गुन्हेगार' आकड्यांत का सापडत नाही?

रानजाई

एम. ए. मानसशास्त्राच्या प्रबंधाची आखणी चालू आहे. विषय आहे समाजविघातक व्यक्तिमत्त्वलक्षणं आणि मोजलेली बुद्धिमत्ता. वाचनात दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांच्या १९४१ च्या ग्रंथातून पुढे रूढ झालेल्या सोळा लक्षणांच्या यादीत पहिलंच लक्षण 'वरवरची मोहकता आणि चांगली बुद्धिमत्ता' हे आहे. उलट गुन्हेगारीवरचं संशोधन उघडावं तर बुद्ध्यंक सरासरीपेक्षा कमी निघतो. मग धरायचं काय?

सध्याचा आराखडा असा: कारागृहातले ८० पुरुष, रेवनची आकृत्यांची चाचणी, सायकोपॅथीची स्वनिवेदन प्रश्नावली, आणि दोन्हींच्या एकूण गुणांमधला सहसंबंध (कोरिलेशन). यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी दुरुस्ती करायची आहे.

लंबक

आधी शब्द वेगळे करा, निम्मा गोंधळ तिथेच आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकृती हे निदान मुख्यतः वर्तनावर उभं आहे. डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेनुसार वय किमान १८, पंधराव्या वर्षाआधी वर्तनविकृतीचा पुरावा आणि सातपैकी किमान तीन निकष. सायकोपॅथी (वरून मोहक, आतून भावनाशून्य, फसवं आणि बेजबाबदार व्यक्तिमत्त्व) याहून अरुंद आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपॅथीच्या सुधारित तपासणीसूचीत २० मुद्दे असतात. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, कमाल ४०. उत्तर अमेरिकेत ३० ची रेषा धरतात, युरोपात बऱ्याच ठिकाणी २५ ची. फाझेल आणि डॅनेश यांनी २००२ मध्ये १२ देशांतली ६२ सर्वेक्षणं एकत्र केली, तेव्हा पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्के लोकांत समाजविघातक विकृती निघाली. ३० ची रेषा ओलांडणारे त्या मानाने खूपच कमी असतात. म्हणून एका निदानाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाही.

आता आकडे. २०१९ मध्ये सांचेझ दे रिबेरा आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. सायकोपॅथी आणि बुद्धिमत्ता यांचा सहसंबंध (उणे १ ते अधिक १ या पट्टीवर, शून्य म्हणजे संबंध नाही) उणे ०.०७, समाजविघातक विकृतीचा उणे ०.१३. बुद्ध्यंकाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५ धरलं, तर लक्षणं एका प्रमाण विचलनाने वाढली की बुद्ध्यंकात सरासरी एक ते दोन गुणांची घट. हा फरक चाचणीच्या नेहमीच्या मापनत्रुटीपेक्षाही लहान आहे. समोर बसलेल्या माणसाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. 'सायकोपॅथ हुशार असतात' या समजुतीला मात्र त्यातून आधार मिळत नाही, हे निश्चित.

मग क्लेक्लींना वेगळं का दिसलं? त्यांचे रुग्ण जॉर्जियातल्या ऑगस्टा इथल्या रुग्णालयांतले. बुद्धी शाबूत, बोलणं सुसंगत, भ्रम नाहीत, तरी आयुष्याची वारंवार नासाडी, असा विरोधाभास ज्यांच्यात ठळक होता त्यांच्याकडेच त्यांचं लक्ष गेलं. बुद्धिमांद्य आणि मनोविक्षिप्तता (सायकोसिस) यांपासून ही अवस्था वेगळी काढणं हा त्यांचा खरा हेतू. अशा निवडीत बुद्धी 'चांगली' निघणारच. हेअर यांनी आपल्या सूचीत बुद्धिमत्तेचा मुद्दा घेतलेला नाही, हेही नोंदवून ठेवा.

एकूण गुणांचा सहसंबंध ही तुमच्या आराखड्यातली सर्वांत मोठी चूक. त्या वीस मुद्द्यांचे चार पैलू पडतात: इतरांशी वागण्याची तऱ्हा (मोहक बोलणं, स्वतःचा बडेजाव, सराईत खोटेपणा, फसवणूक), भावनिक कोरडेपणा, बेजबाबदार जीवनशैली आणि समाजविघातक वर्तन. पहिले दोन चार-चार मुद्द्यांचे, पुढचे दोन पाच-पाच मुद्द्यांचे, आणि दोन मुद्दे कुठल्याच पैलूत बसत नाहीत. पहिल्या पैलूचा बुद्धिमत्तेशी संबंध किंचित धन बाजूला झुकतो आणि भावनिक कोरडेपणाचा ऋण बाजूला, असं व्हिटॅको, न्यूमन आणि जॅक्सन यांच्या २००५ च्या अभ्यासात दिसलं. दोन्ही एका बेरजेत घातले की ते एकमेकांना खातात.

मापनपट्टी

लंबक यांचा शेवटचा मुद्दा आकड्यांत मांडून दाखवतो. उदाहरण काल्पनिक आहे, गणित खरं. समजा 'मोहक बोलणं' या पैलूचा भाषिक बुद्ध्यंकाशी सहसंबंध अधिक ०.०५, 'कोरडेपणा'चा उणे ०.१० आणि दोन पैलूंचा आपसांतला ०.६०. दोन्हींची बेरीज करून सहसंबंध काढला तर येतो उणे ०.०३, म्हणजे जवळपास काहीच नाही. तेच दोन पैलू एकत्र प्रतीपगमनात (रिग्रेशन, म्हणजे एक घटक समान ठेवून दुसऱ्याचा संबंध मोजणारी पद्धत) घातले की पहिल्याचा गुणक होतो (०.०५ + ०.०६) भागिले ०.६४, म्हणजे अधिक ०.१७. दुसऱ्याचा होतो उणे ०.२०. मूळ ०.०५ चं ०.१७ झालं.

इथेच विद्यार्थी घसरतात आणि 'मोहक लबाड माणसं बुद्धिमान असतात' असं लिहून मोकळे होतात. हा ०.१७ सांगतो तो 'कोरडेपणा समान ठेवल्यावर उरलेल्या मोहकपणा'बद्दल. प्रत्यक्षात हे दोन पैलू बहुधा एकाच माणसात बरोबर येतात, त्यामुळे तो उरलेला भाग ज्याच्यात ठळक आहे असा माणूस विरळा. म्हणून तक्त्यात साधा सहसंबंध आणि गुणक शेजारी-शेजारी छापा. एकटा गुणक कधीच नको.

नमुन्याबद्दल. ८० माणसांत सहसंबंध उणे ०.१० आला, तर ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) उणे ०.३१ ते अधिक ०.१२. म्हणजे ऋण, धन आणि शून्य, तिन्ही उत्तरं त्यात मावतात. ८० टक्के शक्ती (खरा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि लक्षणीयतेची ०.०५ पातळी धरली, तर उणे ०.१३ पकडायला ४६० च्या आसपास माणसं लागतात, ०.१० ला ७८३ आणि ०.०७ ला सुमारे १६००. ८० च्या नमुन्यात जे 'लक्षणीय' निघेल ते जवळपास नक्कीच फुगलेलं असेल, कारण त्या आकाराच्या नमुन्यात ०.२२ च्या खालचा सहसंबंध लक्षणीय ठरतच नाही.

आवाका आखडण्याचं (नमुन्यात गुणांचा पसारा कमी असल्याने संबंध दबून दिसण्याचं) गणितही करून ठेवा. नुसत्या महाविद्यालयीन मुलांत बुद्ध्यंकाचं प्रमाण विचलन १५ ऐवजी १० असेल, तर तिथे दिसलेला उणे ०.०७ सर्वसाधारण लोकसंख्येत उणे ०.१० च्या आसपासचा असू शकतो. कारागृहात दुसऱ्या बाजूने तेच होतं. तिथे समाजविघातक वर्तन जवळपास सगळ्यांतच असल्याने त्या पैलूचा आवाका आखडतो. दुरुस्ती करायची तर मूळ आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही द्या.

काजवा

चाचण्यांबद्दल लिहिते, कारण प्रबंध तिथे फसतात.

रेवनची प्रमाणित चाचणी ६० आकृत्यांची, बारा-बारांचे पाच संच. ती शब्दांविना तर्क मोजते. समाजविघातक वर्तनाशी जास्त सातत्याने जोडली गेलेली उणीव मात्र भाषिक आहे: शब्दसंग्रह, साम्य ओळखणं, मनातल्या मनात सूचना धरून ठेवणं. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांच्या मांडणीत बालपणापासून टिकून राहणाऱ्या वर्तनसमस्येमागे हेच धरलेलं आहे. फक्त रेवन लावलं तर संबंध असूनही कमी दिसेल. निदान एक भाषिक उपचाचणी जोडाच.

पण भाषिक चाचणीला आपल्याकडे दुसरा धोका आहे. घरी पावरी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या आणि चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला मराठी शब्दसंग्रहाची उपचाचणी दिली, तर मोजली जाते ती शाळा. बुद्धीबद्दल त्यातून फारसं कळत नाही. मातृभाषा, शिक्षणाचं माध्यम आणि शाळेत प्रत्यक्ष गेलेली वर्षं हे तीन रकाने पहिल्याच पानावर ठेवा. मुलांवर अभ्यास असेल तर मराठीसाठी बिनेट-कामत आणि नागपूरच्या मालिन यांची चाचणी हाताशी आहेत. दोन्हींची मानकं (गुण ज्यांच्याशी ताडतात ते सरासरी आकडे) जुनी आहेत. गुण दशकाला सुमारे तीनने वर सरकतात असं धरलं, तर तीस वर्षं जुन्या मानकांवर नऊ गुण फुकट मिळतात. एकाच चाचणीतल्या माणसांमधला सहसंबंध त्याने फारसा हलत नाही. 'आमच्या नमुन्याचा बुद्ध्यंक सरासरीइतका निघाला' हे विधान मात्र खोटं पडतं.

आता प्रश्नावली. हेअर यांची सूची प्रशिक्षणाशिवाय आणि कागदपत्रांच्या फाइलीशिवाय भरू नये. नुसत्या मुलाखतीवर भरली तर सराईत खोटं बोलणाऱ्याला कमी गुण मिळतात, म्हणजे जे मोजायचं तेच निसटतं. लेव्हन्सन यांची स्वनिवेदन मापनी २६ विधानांची आहे: १६ प्राथमिक (स्वार्थी, निर्दय वृत्ती), १० दुय्यम (उतावळं, बेजबाबदार वागणं), प्रत्येकाला १ ते ४ गुण. तिच्यात फसायची जागा पाहा. ज्याला विधान नीट कळत नाही तो बहुतेक ठिकाणी 'सहमत' म्हणतो. बहुतेक विधानं एकाच दिशेची असल्याने त्याचे गुण वर जातात. म्हणजे भाषा कच्ची तितके सायकोपॅथीचे गुण जास्त, आणि निव्वळ वाचनाच्या अडचणीतून ऋण सहसंबंध तयार होतो. उपाय: सगळ्यांना, शिकलेल्यांनासुद्धा, विधानं एकाच पद्धतीने मोठ्याने वाचून दाखवा. उलट अर्थाच्या विधानांवर आणि त्यांच्या जोडीच्या सरळ विधानांवर जो दोन्हीकडे 'पूर्ण सहमत' म्हणतो त्याची वेगळी नोंद ठेवा. विश्लेषण अशा लोकांसह आणि त्यांच्याविना, दोनदा करा.

डोक्याला झालेली इजा आणि दारू किंवा इतर नशा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्हींनी कार्यकारी स्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता) आणि प्रक्रियेचा वेग घसरतो आणि उतावळेपणाही वाढतो. संबंध दिसेल, पण त्याचं मूळ तिसरीकडेच असेल. नशा सोडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत चाचणी घेऊच नका.

आणि मुद्दाम कमी गुण घेणं. खटला चालू असेल तर कमी बुद्ध्यंकाचा फायदा होऊ शकतो. रेवनमध्ये पहिल्या संचातल्या सोप्या आकृत्या चुकतात आणि चौथ्या संचातल्या अवघड बरोबर येतात, असा उलटा क्रम दिसला की थांबा. ५० चित्रांची स्मृतिचाचणी याच कामासाठी आहे. दुसऱ्या फेरीत ४५ पेक्षा कमी आले तर प्रयत्नाबद्दल शंका घ्यावी. खरोखर मतिमंद व्यक्तीही या रेषेखाली जाऊ शकते, म्हणून त्या एका आकड्यावर कुणालाही ढोंगी ठरवू नका. त्याची किंमत तो माणूस मोजतो.

रानजाई

खूप उपयोग झाला. एक शंका उरते. हुशार लोक पकडलेच जात नाहीत आणि कारागृहात कमी बुद्ध्यंकाचेच गोळा होतात, म्हणून हा संबंध दिसतो, असं नाही का?

लंबक

हा प्रश्न थेट तपासला गेला आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन अभ्यासात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा मागोवा घेतला जातो. मॉफिट आणि सिल्वा यांनी १९८८ मध्ये त्यातली दोन प्रकारची मुलं ताडून पाहिली: स्वतः गुन्हे कबूल केलेली पण पोलिसांच्या नोंदीत नसलेली, आणि नोंदीत असलेली. दोन्ही गटांच्या बुद्ध्यंकात लक्षणीय फरक नव्हता, आणि दोन्ही गट गुन्हे न करणाऱ्यांपेक्षा खाली होते. किमान किशोरवयातल्या गुन्ह्यांना 'पकडले जाण्या'चं स्पष्टीकरण पुरत नाही.

'मुलं चाचणीत मन घालत नाहीत' हा दुसरा आक्षेप. लायनम, मॉफिट आणि स्टाउथॅमर-लोबर यांनी १९९३ मध्ये पिट्सबर्गच्या मुलांचा चाचणीतला प्रयत्न हिशेबात धरला, तरी बुद्ध्यंक आणि गुन्हेगारी यांचा संबंध उरला.

घरच्या परिस्थितीचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो, आणि त्यावर स्वीडनची आकडेवारी पाहा. फ्रिसेल, पाविटान आणि लाँगस्ट्रम यांनी २०१२ मध्ये १९६१ ते १९७५ दरम्यान जन्मलेले ७,००,५१४ पुरुष घेतले. लष्करभरतीच्या वेळची बुद्धिचाचणी आणि हिंसक गुन्ह्याची शिक्षा यांतला गुणक उणे ०.१९ आला. आर्थिक-सामाजिक स्थिती धरून उणे ०.१८. पण एकाच आईबापाच्या सख्ख्या भावांची तुलना केली तर उणे ०.१०. म्हणजे जवळपास निम्मा भाग भावाभावांत समान असलेल्या गोष्टींचा होता, आणि उत्पन्न किंवा पालकांचा व्यवसाय 'नियंत्रित' करून तो हाती लागला नव्हता. आपल्या प्रबंधात दोन-तीन रकाने भरून 'सामाजिक-आर्थिक स्थिती नियंत्रित केली' असं लिहिताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवा. शिवाय हे आकडे हिंसक शिक्षेचे आहेत. सायकोपॅथीच्या गुणांना ते लावू नका.

रानजाई

मग आराखडा असा बदलते: कारागृह सोडून खुल्या समाजातून ४८० जण, लेव्हन्सन मापनीचे दोन भाग वेगळे, रेवन आणि एक शब्दसंग्रह उपचाचणी. नमुना शहरातल्या चार महाविद्यालयांतून.

मापनपट्टी

बाकी ठीक, फक्त ४८० जणांत उणे ०.१३ च्या आसपासचा संबंधच पकडता येईल, ०.०७ चा नाही, हे लिहून ठेवा. महाविद्यालयांचं बदला. तिथे बुद्ध्यंकाची खालची बाजू आधीच कापलेली असते. दोन महाविद्यालयं ठेवा. उरलेले आयटीआय, रात्रशाळा आणि कंपनीच्या पाळीवरचे कामगार यांतून घ्या. वय २० ते ३५ पुरतं बांधा, कारण उतावळेपणा वयाबरोबर ओसरतो आणि रेवनचे गुणही वयाने बदलतात. ४८० हा आकडा प्रश्नावल्या गाळल्यानंतरचा धरा. विसंगत उत्तरं आणि अर्धवट भरलेले अर्ज धरून ५५० जणांची तयारी ठेवा. स्त्री-पुरुष दोघे घेणार असाल तर सहसंबंध आधी वेगवेगळा काढा. पुरुषांत सायकोपॅथीचे गुण सरासरीने जास्त असतात, त्यामुळे शब्दसंग्रहात दोन गटांच्या सरासरीत थोडाही फरक असेल तर एकत्र आकड्यात तो फरकच संबंध म्हणून दिसेल.