रत्नागिरीत मुक्काम आहे, रोज कुठे जाऊन यावं?

मुलुंडकर: दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन रत्नागिरीत राहणार आहोत. गाडी आहे. सकाळी निघून रात्री परत यायचं. गणपतीपुळे होईलच, पण त्याशिवाय काय बघावं? बाबांचे गुडघे दुखतात, फार चढउतार झेपत नाही.

भाट्येकर: दक्षिणेकडे या! पाहुणे पुळ्याला जाऊन माघारी फिरतात आणि भाट्याचा पूल ओलांडल्यावरचा सगळा पट्टा राहून जातो.

पहाटे निघून आधी थेट कशेळी गाठा. तिथलं कनकादित्याचं कौलारू देऊळ बघाच, सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच. मग सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचं कातळशिल्प. प्रचंड हत्ती आहे, आणि त्याच्या अंगातच मासे, पक्षी, इतर प्राणी कोरलेत. डोक्यावर ऊन आलं की रेघा कातळात विरून जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात खाचेत सावली पडते, तेव्हा आकार नीट उमटतो. म्हणून म्हणतो, लवकर जा. गावातला कोणीतरी सोबत घ्या आणि कृपा करून रेघांवर पाय देऊ नका. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत, ती आपणच जपायची.

जवळच आडिवऱ्याची महाकाली. तिथून परतताना पावस, स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर. तिथे घाई करू नका, निवांत बसा.

सड्यावरची: काकांना सड्यावर चालवणार नसेल तर उक्षी गावातला कातळात कोरलेला हत्ती बघा, तो भोवती भिंत घालून राखलाय. आणि वाटेतला पूर्णगड सोडू नका. किल्ला छोटासा, पण तटावरून एकीकडे मुचकुंदीची खाडी, दुसरीकडे मोकळा समुद्र. वाडीतून थोडी चढण आहे, तेवढं काकांना विचारून ठरवा.

खाडीपलीकडचा: उत्तरेला एक पूर्ण दिवस ठेवा. पुळ्याला महामार्गाने निवळीवरून न जाता आरे-वारेच्या किनाऱ्याने जा. दर्शन झालं की मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, मग जयगड. हेदवीचा दशभुज गणेश मात्र त्याच दिवशी कोंबू नका. त्यासाठी दुसऱ्या दिवशी जयगडहून गाडीसकट फेरीबोटीने तवसाळला उतरा. हेदवीलाच बामणघळ आहे. भरतीला पाणी घळीत शिरून उंच उसळतं, तेव्हा लांबूनच बघा, खडक निसरडे असतात.

मुलुंडकर: मनापासून आभार! एखादा दिवस बाबांना दमल्यासारखं वाटलं तर?

भाट्येकर: मग गावातच राहा. थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा १९१० पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तिथे नजरकैदेत होता. संध्याकाळी भाट्याच्या वाळूत खुर्ची टाकून काकांना बसवा.

मुलुंडकर: आणि कशेळीच्या दिवशी जेवण?

सड्यावरची: दुपारी पावसला पोचलात तर मठात खिचडीचा प्रसाद मिळतो. नाहीतर घरगुती खाणावळीत आदल्या दिवशीच फोन करून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. सड्यावर सावली नाही, पाणी घरूनच भरून घ्या.