अनुभव धागा : माहेबूरची आळशी दुपार (आणि उसाची ट्रॉली)

उसाचा_पाला, सांगली
काल माधवनगर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं अर्धा तास अडकले आणि चिडायचं सोडून मला मॉरिशसचं माहेबूर आठवलं! 2017 ला गेलो होतो. विमानतळ त्या गावाजवळच. बाहेर पडलो तर दोन्हीकडं ऊस. हे म्हणाले, "सहा तास विमानात बसवून वाळव्यालाच आणलंस व्हय?"

पण गाव काय निवांत! बंदरात मच्छीमारांच्या होड्या डुलताहेत, खाडीपलीकडं बसलेल्या सिंहासारखा डोंगर, कुणाला कसली घाई नाही. सोमवारचा बाजार गाठला. तिथल्या नोटेवर देवनागरी बघून ह्यांनी घासाघीस थेट मराठीत सुरू केली. बाई क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, उत्तरं देत होत्या. व्यवहार झाला! घेतलेली टोपी दहा मिनिटांत समुद्रात गेली ते सोडा.

अजून कोण गेलंय अशा बंदरगावाला? लिहा.

कंदीपेढा
दोल पुरी खाल्ली का न्हाई ते सांगा आधी. पोळीत डाळीचं पुरण, पण गूळच नाही, वर घेवड्याची आमटी. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "विसरले वाटतं बिचारे," आणि पर्समधनं गुळाचा खडा काढला.

निवांत_बापू
मी आधी माहेरपूर वाचलं 😂

कृष्णाकाठ
आम्ही मंगळवारी पोचलो, बाजार हुकला. मग संग्रहालय. 1810 मध्ये त्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांचं आरमार हरवलं. दोन्हीकडचे जखमी सेनानी एकाच घरात उपचाराला होते, तेच घर आता संग्रहालय. पोरगं म्हणालं, मग भांडले कशाला? उत्तर सुचलं नाही, आईस्क्रीम दिलं.

ट्रॅक्टरवाला
तिकडं तोड जून ते डिसेंबर. आपल्याकडं दिवाळीच्या आगंमागं सुरू. आणि बिल कधी मिळतं त्यांना? 🙄

कंदीपेढा
@ट्रॅक्टरवाला जखमेवर मीठ नको भावा

सोनचाफा
आमचा ड्रायव्हर म्हणाला, "आमी पन मराठी." त्याचा खापरपणजा ऊस तोडायला आलेला. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी, आणि ही लोकं झाकरी नाचतात, म्हणजे आपली कोकणातली जाखडी! दुसऱ्या दिवशी त्यानंच राजधानीत, पोर्ट लुईला, आप्रवासी घाट दाखवला. मजूर बोटीतनं उतरून त्या 16 पायऱ्या चढायचे. मी तिसऱ्या पायरीवरच बसले. तो पण बसला शेजारी. बोललो काहीच नाही.

उसाचा_पाला
@सोनचाफा काटा आला गं. सविस्तर लिहिते, दूध उतू चाललंय

फिरस्ता_विटेकर
पुढच्या महिन्यात निघतोय. भडंग नेता येतं का?

कृष्णाकाठ
सीलबंद ने, आणि कस्टमवाल्यानं विचारलं तर लपवू नको.

कंदीपेढा
लसूण जास्त असलेलं नेऊ नका, सगळ्या बॅगेला वास लागतो. अनुभव आहे.

निवांत_बापू
तो वेगळा धागा काढा 😂